चित्रामागची ओळ

वेबपानावर चित्र टाकताना त्याला एक ओळ जोडायची असते. डोळस माणसाला ती दिसत नाही. स्क्रीन रीडर वापरणारा अंध वाचक ती ऐकतो. या ओळीला ‘ऑल्ट’ म्हणतात. ती अंधांसाठी केलेली सोय, असं आज सगळे धरून चालतात. तिचं मूळ मात्र वेगळं आहे.

25 फेब्रुवारी 1993 रोजी मार्क अँड्रीसनने मोझॅक ब्राउझरसाठी चित्राचा टॅग सुचवला. त्यात चित्राचा पत्ता होता, बदली मजकूर नव्हता. पण कॅन्सस विद्यापीठात घडलेला लिंक्स हा ब्राउझर नुसती अक्षरंच दाखवायचा, आणि मंद लाइनवाले चित्रं बंदच ठेवायचे. अशांसाठी ऑल्ट आला. 1995च्या एचटीएमएल 2.0मध्ये तो ऐच्छिक होता. डिसेंबर 1997मध्ये 4.0ने तो सक्तीचा केला. 5 मे 1999 रोजी वेब सुगम्यतेचे पहिले जागतिक निकष निघाले, त्यातला पहिलाच मुद्दा हा.

सक्ती झाली, पण लिहिणार कोण? ऑल्ट नसला की स्क्रीन रीडर बऱ्याचदा फाइलचं नावच वाचतो: ‘आयएमजी अंडरस्कोर 2047 डॉट जेपीजी’. त्या काळी पानाची मांडणी जागेवर राहावी म्हणून एका पिक्सेलची पारदर्शक चित्रं पेरत. कानाला काय? ‘स्पेसर डॉट जिफ, स्पेसर डॉट जिफ...’ यावर उतारा म्हणजे रिकामा ऑल्ट: दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही. म्हणजे, इथे गप्प बस. ऑल्ट न देणं आणि रिकामा देणं यातला हा फरक मुरलेल्या डेव्हलपरलाही समजावून सांगावा लागतो. शिवाय जुना इंटरनेट एक्सप्लोरर माउस नेला की ऑल्ट दाखवायचा, म्हणून लोक तिथे विनोद लिहीत. पुढे सर्च इंजिनसाठी त्यात शब्द कोंबणारेही आले.

दणका बसला सिडनीत. ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर चित्रांना ऑल्ट नाहीत, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने 1999मध्ये मानवी हक्क आयोगाकडे केली. दुरुस्ती फार महागात पडेल, असं आयोजक म्हणाले. आयोगाने ते मानलं नाही. शेवटी 20,000 ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

2016पासून फेसबुकवर यंत्रच ऑल्ट लिहू लागलं. जुलै 2019मध्ये बिघाडामुळे चित्रं उमटेनात, तेव्हा ‘चित्रात असू शकते: एक व्यक्ती, आकाश’ अशा धर्तीच्या ओळी डोळसांनी प्रथमच पाहिल्या आणि त्यांची टर उडवली. अंध मंडळी तीन वर्षं तेच ऐकत होती.

यंत्र आता पुष्कळ सुधारलं आहे. तरी चित्र का टाकलं, हे टाकणाऱ्यालाच ठाऊक असतं. गुरुवारी पाणी बंद असल्याची सूचना आपल्याकडे सर्रास जेपीजी करून चढवतात. तिच्यावर ‘चित्रात मजकूर आहे’ एवढंच ऐकू आलं, तर कोणत्या पेठेत पाणी नाही हे शेजाऱ्यालाच विचारावं लागतं.