महामारी व वैमानिकाचे काम
कोविड–१९ च्या साथीमुळे जगातील विमानप्रवाशांची संख्या २०१९ मधील सु. ४·५ अब्जांवरून २०२० मध्ये सु. १·८ अब्जांवर आली. भारतात देशांतर्गत नियमित प्रवासी सेवा २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात बंद होती. मालवाहतूक आणि परदेशांतील भारतीयांना परत आणणारी ‘वंदे भारत’ उड्डाणे (मे २०२० पासून) तेवढी चालू राहिली. अनेक वैमानिकांची वेतने कापली गेली. परंतु याहून गंभीर प्रश्न सरावाचा होता. प्रवासी विमान चालविण्यासाठी वैमानिकाने मागील ९० दिवसांत त्याच प्रकारच्या विमानाचे किमान तीनदा उड्डाण व तीनदा अवतरण केलेले असावे लागते. ही अट सिम्युलेटरवरही पुरी करता येते. पण प्रवासबंदीमुळे तेथे पोहोचणेच अवघड झाले, तेव्हा अनेक देशांनी मुदत वाढवून दिली. त्यामुळे परवान्यांचा प्रश्न सुटला. हाताचा तुटलेला सराव मात्र तसाच राहिला. विमानांनाही स्वस्थ उभे राहणे मानवत नाही. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत कीटक शिरल्यास वेगाचा आकडा चुकतो, असा इशारा यूरोपीय विमानसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये दिला होता. भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय सेवा २७ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली.