शिपाई की शताधिपती?

बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील एखादा तरुण आईवडिलांसह भेटीला येतो. फौजेत जाण्याचे त्याने ठरवलेले असते. मात्र शिपाई म्हणून भरती व्हावे की अधिकाऱ्याची परीक्षा द्यावी, याविषयी घरात एकमत नसते. भरती लवकर होते, पगार लगेच सुरू होतो. परंतु 2022 पासून ती भरती चार वर्षांची झाली आणि त्यानंतर फार तर चौथ्या हिश्श्याला पुढे ठेवून घेण्याची तरतूद झाली, ही वडिलांची चिंता. खडकवासल्याची परीक्षा अवघड, पण एकदा निवड झाली की आयुष्याचे कल्याण, हा आईचा आग्रह. यंदा असेच एक कुटुंब येऊन गेले. पगार, निवृत्तिवेतन, मानमरातब, सगळ्याचा हिशेब त्यांनी मांडला. त्या हिशेबात मी काय भर घालणार? मात्र ते गेल्यावर माझ्या मनात आले की, शिपाई आणि अधिकारी यांत फरक कोणता, हा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेने अठराशे वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता, आणि त्याचे उत्तर तिने पगारात शोधले नव्हते.

शुभवर्तमानात सैनिकांना दूर लोटलेले दिसत नाही. यार्देनेकाठी शिपाई योहानाकडे आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात तृप्त राहा, एवढेच बजावले. कफर्णहूमचा शताधिपती तर अधिकारीच होता. आपण हुकूम देतो आणि आपल्यावरही हुकूम चालतो, ही त्याची जाणीव हाच त्याच्या श्रद्धेचा पाया ठरला. परमप्रसाद घेण्यापूर्वी आपल्या अपात्रतेची जी कबुली आपण प्रत्येक मिस्सेत देतो, ती मुळात या परकीय लष्करी अधिकाऱ्याची आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते? पुढे पेत्राने ज्या पहिल्या परराष्ट्रीय कुटुंबाला स्नानसंस्कार दिला, त्या कुटुंबाचा प्रमुख कर्नेल्य हाही शताधिपतीच, कैसरीया नगरातील इतालीय पलटणीचा. कैसरीया हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

मग अडचण कोठे आली? रोमी सैन्यात भरती होणारा शिपाई बादशहाशी निष्ठेची शपथ घेई. या शपथेला लॅटिनमध्ये 'साक्रामेन्तुम' म्हणत. आपला 'सॅक्रामेंट' शब्द त्याच मुळाचा आहे. साधा शिपाई कवायत करी, रस्ते बांधी, पहारा देई, लढाई आली तर लढे. छावणीत देवतांना आणि बादशहाच्या प्रतिमेला बळी अर्पण होत, तेव्हा तो रांगेत मागे उभा असे. त्याच्या हातात धूप नसे. शताधिपतीचे तसे नव्हते. सुमारे ऐंशी शिपायांचा तो नायक. त्यांच्या वतीने विधी करणे, मृत्युदंडाची अंमलबजावणी करवणे ही त्याच्या हुद्द्याची कामे होती.

हा भेद कार्थेजच्या तेर्तुलियनने नेमका हेरला. मूर्तिपूजेविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याने प्रश्न उपस्थित केला आहे की, ज्या खालच्या दर्जाच्या सैनिकांना बळी अर्पण करावे लागत नाहीत आणि कोणाला देहान्त शिक्षाही सुनवावी लागत नाही, त्यांना तरी सैन्यात राहता येईल काय? त्याचे स्वतःचे उत्तर कडक आहे: प्रभूने गेथशेमाने बागेत पेत्राची तलवार म्यान करायला लावली, तेव्हाच प्रत्येक सैनिकाचे शस्त्र काढून घेतले. तेर्तुलियन स्वभावाने टोकाचा, आणि अखेरीस तो ख्रिस्तसभेपासून दुरावलाही. त्यामुळे त्याचे उत्तर सर्वांचे उत्तर मानण्याचे कारण नाही. पण त्या काळी अनेक ख्रिस्ती तरुण हीच पळवाट धरून सैन्यात नांदत होते, हे त्याच्या प्रश्नातूनच उघड होते. रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर चालत आलेल्या 'प्रेषितीय परंपरा' या नियमग्रंथातही हीच पायरी दिसते. आधीपासून शिपाई असलेला मनुष्य दीक्षेसाठी आला, तर हुकूम झाला तरी कोणाचा जीव घेऊ नये आणि शपथ घेऊ नये, असे त्याला शिकवावे. मात्र तलवारीचा अधिकार असलेल्या अंमलदाराने अधिकार सोडावा, नाहीतर त्याला परत पाठवावे. दीक्षार्थी वा श्रद्धावंत नव्याने भरती होऊ पाहील, तर त्यालाही मज्जाव. म्हणजे खालच्या पायरीवर आधीपासून असलेल्याला अटींवर राहता येई. वरच्या पायरीवरच्याला उतरावे लागे.

पुस्तकातला हा भेद प्रत्यक्ष माणसाच्या आयुष्यात कसा उतरला, ते कैसरीया नगरातच पाहायला मिळते. कर्नेल्याच्या दीक्षेला तेव्हा सव्वादोनशे वर्षे होऊन गेली होती. साल 260च्या सुमाराचे. गॅलियेनस बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवला होता, प्रार्थनामंदिरे परत मिळाली होती. या शांततेच्या दिवसांत मरिनस नावाचा एक सैनिक पलटणीत होता. कुलीन, संपन्न आणि नावाजलेला. तो ख्रिस्ती होता आणि शिपाई म्हणून त्याला कोणी कधी छेडले नव्हते. शताधिपतीची एक जागा रिकामी झाली आणि ज्येष्ठतेने ती त्याच्याकडे चालत आली. या हुद्द्याचे चिन्ह म्हणजे द्राक्षवेलीची छडी. ती त्याच्या हाती पडणार, इतक्यात त्याच जागेवर डोळा असलेला दुसरा एक जण न्यायासनापुढे उभा राहिला. हा ख्रिस्ती आहे, बादशहांना बळी अर्पण करीत नाही, म्हणून जुन्या कायद्यांप्रमाणे ही जागा माझी, असे त्याने सांगितले.

अखेअस नावाच्या न्यायाधीशाने मरिनसला विचारले. त्याने कबुली दिली. विचार करायला त्याला तीन तासांची मुदत मिळाली.

न्यायालयाबाहेर बिशप थिओटेक्नस त्याची वाट पाहत होते. त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला थेट ख्रिस्तमंदिरात, वेदीपाशी नेले. त्याचा झगा किंचित बाजूला सारून कमरेच्या तलवारीकडे बोट केले, समोर शुभवर्तमानाचा ग्रंथ ठेवला आणि यांपैकी कोणते ते निवड म्हणाले. मरिनसने क्षणाचाही विलंब न लावता उजवा हात पुढे करून ग्रंथ घेतला. बिशपांनी त्याला धीर दिला आणि शांतीने निरोप दिला. मुदत संपली होती. दवंडीवाला त्याच्या नावाचा पुकारा करीतच होता. त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला. आस्टिरियस नावाचा एक रोमी सरदार तेथे हजर होता. त्याने अंगावरच्या उंची वस्त्रांची पर्वा न करता ते शव खांद्यावर घेतले आणि सन्मानाने दफन केले.

ही हकिकत युसेबियसने आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात लिहून ठेवली आहे. युसेबियस पुढे त्याच कैसरीयाचा बिशप झाला, त्यामुळे ती त्याला गावातच ऐकायला मिळाली असणार. मी सेमिनरीत असताना ती प्रथम वाचली, तेव्हा माझे लक्ष हौतात्म्यावर होते. आता वाटते, तिचे मर्म बढतीच्या त्या क्षणात आहे. वर्षानुवर्षे मरिनसच्या श्रद्धेला आणि नोकरीला एकमेकींशी भांडावे लागले नव्हते. हुद्दा आला आणि त्याच्याबरोबर प्रश्न आला.

पुढच्या पिढीत, डायोक्लेशनच्या राजवटीत, उत्तर आफ्रिकेत असेच दोन प्रसंग घडले. 295 साली तेबेस्ता येथे एकवीस वर्षांच्या मॅक्सिमिलियनने भरतीलाच नकार दिला. त्याची उंची मोजून झाली होती, गळ्यात शिशाची मुद्रा घालायची तेवढी राहिली होती. बादशहाच्या खास पलटणीतही ख्रिस्ती सैनिक आहेत, याची अधिकाऱ्याने आठवण करून दिली, तेव्हा त्यांचे त्यांना ठाऊक, असे तो म्हणाला. वडिलांनी भरतीसाठी नवे कपडे घेतले होते. ते मारेकऱ्याला द्यावेत, ही त्याची शेवटची विनंती. 298 साली मार्सेलस या शताधिपतीने बादशहाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत कमरपट्टा आणि द्राक्षवेलीची छडी निशाणांपुढे फेकून दिली. त्याचा वध टँजियर येथे झाला. एकाने पहिली पायरीच चढली नाही, दुसरा वरच्या पायरीवरून उतरला.

कॉन्स्टंटाईननंतर बळींचा प्रश्न मिटला आणि वारे फिरले. 314च्या आर्लच्या धर्मसभेने तर शांततेच्या काळात शस्त्र टाकून देणाऱ्यांनाच परमप्रसादापासून दूर ठेवण्याचा नियम केला! ज्या ख्रिस्तसभेने मार्सेलसला संत मानले, तिनेच केवळ सोळा वर्षांनी हा नियम करावा, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

हे सारे फार जुने झाले, असे म्हणण्याची सोय मात्र नाही. नोव्हेंबर 2025मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याची बडतर्फी कायम ठेवली. जवानांबरोबर तो त्यांच्या धर्मस्थळापर्यंत जाई, परंतु गाभाऱ्यात जाऊन विधीत भाग घ्यायला त्याने नकार दिला होता. नायकाने आपल्या माणसांच्या श्रद्धेत त्यांच्यासोबत असावे, ही सैन्याची भूमिका; कनिष्ठ जवानांपेक्षा अधिकाऱ्याकडून अधिक अपेक्षा असते, हे त्यामागचे तत्त्व. निकालावर टीका करण्याचा माझा अधिकार नाही, आणि आपल्या देशाची फौज म्हणजे डायोक्लेशनची फौज नव्हे, हेही मला ठाऊक आहे. तेथे पाद्रीही नेमले जातात, तेही ज्युनियर कमिशन्ड अधिकारी म्हणून, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या पायरीवर. मला जाणवले ते एवढेच की, तेर्तुलियनने ज्या जागी बोट ठेवले होते, ती जागा अजून दुखते.

अशा वेळी मला सिरियाचा सेनापती नामान आठवतो. यार्देनेत बुडी मारून कुष्ठमुक्त झाल्यावर त्याने अलीशा संदेष्ट्याला एक अवघड गोष्ट विचारली. माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो. त्याच्याबरोबर मलाही वाकावे लागते. परमेश्वराने याची क्षमा करावी. अलीशाने त्याला परवानगी दिली नाही आणि मनाईही केली नाही. शांतीने जा, एवढेच सांगितले. थिओटेक्नस बिशपांनी मरिनसला निरोप दिला तोही याच शब्दांनी, पण दोघांचे रस्ते किती निराळे!

आठवड्याभराने तो मुलगा एकटाच परत आला. मी त्याला मरिनसची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, "मग फादर, ती जागा त्या दुसऱ्याला मिळाली का?"

युसेबियसने ते लिहिलेले नाही.