वाटसरूचा मुक्काम : घर की हॉटेल?

ठाण्याहून निघालेला जुना आग्रा रोड कशेळीवरून भिवंडीत येतो आणि पुढे पडघा, शहापूर करीत कसारा घाट चढून नाशिकला जातो. आज मोटारीने हा प्रवास काही तासांत उरकतो. बैलगाडीच्या काळी मात्र वाटेत मुक्काम केल्यावाचून गत्यंतर नव्हते. दिवस कलला की प्रवाशापुढे एकच प्रश्न उभा राही : आज रात्री पाठ टेकायची कुठे?

त्या काळी उत्तरे दोनतीनच होती. सराई, धर्मशाळा, नाहीतर कोणाचे तरी घर. यांतले घर हे आपल्या लोकांना सर्वांत जवळचे. आपल्या भाषेतच बघा ना, पाहुणा कोणाकडे ‘राहतो’ असे आपण म्हणत नव्हतो. तो कोणाकडे ‘उतरतो’ असे म्हणत होतो. त्र्यंबकेश्वरी गेलेला यात्रेकरू आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्या घरी उतरे. उपाध्याय वही काढून त्याच्या आजा-पणजाची नावे दाखवी. पंढरपुरात वारकऱ्यांना मठ होते, तशी गावातली घरेही होती. आपल्या भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीचे उदाहरण घ्या. चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई जिंकल्यावर तो फेडला, असे सांगतात. तेव्हापासून चैत्राच्या यात्रेला आणि अकलोलीच्या गरम कुंडांवर येणाऱ्यांना गावाने आसरा दिला आहे.

या घरगुती मुक्कामात भाड्याची पाटी नसे. यजमान पहिल्यांदा पैसे विचारीत नसे. तो विचारी, “पाव्हणं, कुठलं गाव? कुणापैकी?”

मंडळी, हा प्रश्न किती मायेचा वाटतो! ओळख पटली की पाटावर पान वाढलेच म्हणून समजा. पण ज्याचे उत्तर यजमानाला पसंत पडत नसे, त्याचे काय होई? इतिहास सांगताना ही बाजू झाकून चालणार नाही.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. एवढा विद्वान माणूस, पण शहरात उतरायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि जागा सोडायला लावली. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही सबब सांगितली. रात्रीची गाडी सुटेपर्यंत त्यांना कमाठी बागेत बसून काढावे लागले. म्हणजे विश्रामगृहाचे दार बंद झाले, आणि घराचेही उघडले नाही.

आता दुसरी बाजू पाहू. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, १८५४ साली ती कल्याणला पोचली. गाडीने अनोळखी माणसे एका बाकावर बसवली. १८६७ च्या सराई कायद्याने सराईची नोंदणी, स्वच्छता आणि दरपत्रक लावण्याची सक्ती आली. १९०३ साली मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले. पुढे एकाच नावाची हॉटेले गावोगाव झाली. अशा हॉटेलातली खोली नागपुरात पाहा नाहीतर मुंबईत, पलंग तोच, चहाचा पेला तोच. या सारखेपणाला कोणी नाके मुरडतात. पण तिथे दर ठरलेला असतो, आणि ‘कुणापैकी’ हा प्रश्न कोणी विचारू नये अशी अपेक्षा असते. १९५० साली राज्यघटनेने हॉटेलाचे दार सर्वांना मोकळे केले. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने ‘हॉटेल’ या शब्दात खाणावळ आणि भाड्याने उतरण्याची जागाही धरली.

मग घराचे दिवस संपले का? मुळीच नाही. आमच्या भिवंडीतच या. यंत्रमागावर काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इथून माणसे येतात. हॉटेलात रोज जेवणे त्यांना परवडत नाही. ती ‘बिस्सी’त जेवतात. ही पैशांची भिशी नव्हे. ही महिन्याच्या हिशेबाची खाणावळ. घर सोडून आलेल्या माणसाला तिथे ताटाबरोबर थोडी ओळखही मिळते.

प्रवाशालाही हेच हवे असते. भिवंडीजवळच्या लोनाडची बौद्ध लेणी पाहायला निघालात, तर पावसात वाट कशी आहे, हे गावातल्या घराला ठाऊक असते. हॉटेलच्या टेबलावरच्या माणसाला ते ठाऊक असेलच असे नाही. शिवाय नाचणीची भाकरी त्याच चुलीवर होते आणि तिचे पैसे त्याच गावात राहतात. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने ‘निवास व न्याहारी’ योजना काढली, ती याच विचाराने. २०२० साली राज्याने कृषिपर्यटनाचे धोरणही जाहीर केले.

तेव्हा सहल आखणाऱ्या गुरुजींना सांगणे एवढेच : सोय होत असेल तर घरी उतरा. दर आधी विचारा, पावती घ्या, पाणी आणि संडास पाहून घ्या. आणि ज्यांच्या घरात खोली रिकामी आहे, त्यांनाही एक सांगणे आहे. पैसे घेऊन पाहुणा ठेवलात, की हॉटेलाचे कर्तव्य तुमच्या उंबऱ्यावर आले. वर्गातली सगळी मुले एकाच पंगतीला बसली पाहिजेत. “कुठलं गाव?” हे जरूर विचारा, त्यातून गप्पा निघतात. “कुणापैकी?” हे मात्र विचारू नका. घराची माया आणि हॉटेलचे मोकळे दार, दोन्ही एका उंबऱ्यावर आली, तर वाटसरूला आणखी काय हवे?