दिवा एकीकडे, काजळी दुसरीकडे

चंद्रपूरहून निघालेली एक वीजवाहिनी थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला पोहोचते. लांबी ७५२ किलोमीटर. १९९९ साली ती सुरू झाली. एवढ्या लांबवर नेताना वीज वाटेत कमी गळावी म्हणून ती घरातल्यासारखी उलटसुलट वाहणारी न ठेवता एकाच दिशेने वाहणारी करतात आणि पाच लाख व्होल्ट दाबाने पाठवतात. पंधराशे मेगावॉट वाहून नेण्याची या वाहिनीची क्षमता आहे. राज्याच्या एका टोकाला कोळसा जळतो आणि दुसऱ्या टोकाला दिवे लागतात, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधायला नको.

वीज तारेतून जाते. धूर तारेतून जात नाही आणि राख तर जिथली तिथेच राहते. म्हणून कुठला प्रदेश किती कर्बवायू सोडतो याचे आकडे वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा लागतो: हा धूर नक्की कुणाच्या दिव्याचा?

महाराष्ट्राच्या विजेचा इतिहास पश्चिमेला, पाण्यापासून सुरू होतो. सह्याद्रीतले पाणी अडवून टाटांनी खोपोलीचे केंद्र उभारले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. या विजेला धुराडे नव्हते, पण ती फुकटही नव्हती. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मुळशीचे शेतकरी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला उभे राहिले होते. पुढे साठच्या दशकात कोयना आली. टप्प्याटप्प्याने वाढत तिची क्षमता १९६० मेगावॉटवर गेली. मात्र पाण्याला हद्द असते. कृष्णेच्या पाण्याचा तंटा मिटवताना बच्छावत लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. मागणी मात्र थांबायला तयार नव्हती. मुंबईची स्वतःची औष्णिक केंद्रे ट्रॉम्बे आणि डहाणूला झाली. राज्याला हवी असलेली बाकीची वीज पुरवण्यासाठी नजर पूर्वेकडे, कोळशाकडे वळली.

कोळसा आमच्याकडे नवा नाही. वरोऱ्याची खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. त्या कोळशासाठीच रेल्वे वरोऱ्यापर्यंत आली. नंतर बल्लारपूर, घुग्घुस अशी नावे पुढे आली. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली आणि १९८३ साली चंद्रपूरच्या केंद्राचा पहिला संच सुरू झाला. पूर्वी कोळसा गाडीत भरून बाहेर जात असे. आता तो इथेच जळू लागला आणि बाहेर गेली ती वीज.

या केंद्राची आजची क्षमता २९२० मेगावॉट आहे. आपल्या कोळशात राख फार, त्यामुळे एका युनिटसाठी साधारण पाऊण किलो कोळसा लागतो आणि सुमारे एक किलो कर्बवायू बाहेर पडतो. सारे संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालले, तर सात कोटी युनिट वीज आणि सत्तर हजार टनांच्या आसपास कर्बवायू, असा एका दिवसाचा हिशेब होतो.

आता आमच्या कोरपना तालुक्याकडे येऊ. हा मुलूख एके काळी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. त्या काळातले जमिनीचे उर्दू कागद अजूनही कुणीकुणी माझ्याकडे वाचून घ्यायला आणतात. त्यात जमिनीची प्रत असते, विहीर असते, बांधावरची झाडे असतात. मी पाहिलेल्या एकाही कागदात जमिनीखालच्या दगडाचा उल्लेख नव्हता. पुढे किंमत आली ती नेमकी त्याच दगडाला. ऐंशीच्या दशकापासून आवाळपूर, गडचांदूर आणि नंतर उपरवाही इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले.

सिमेंटची गंमत अशी की, त्याचा कर्बवायू फक्त भट्टीतल्या कोळशातून येत नाही. तो दगडातच कोंडलेला असतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कर्बवायू हवेत जातो. भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे ४४ किलो चुकत नाहीत. औष्णिक केंद्राची राख सिमेंटमध्ये मिसळतात, तेवढ्यापुरता चुनखडीचा खप कमी होतो, हेही सांगायला हवे. पण सिमेंट रेल्वेने शहरांकडे जाते, तिथे त्याचे पूल आणि मनोरे होतात आणि कर्बवायू मांडला जातो चंद्रपूरच्या खात्यावर.

हे मांडण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २००६ साली विजेमागच्या कर्बवायूचे आकडे पहिल्यांदा प्रसिद्ध केले, तेव्हा देशाची पाच विभागीय जाळी वेगवेगळी दाखवली होती. कोळशावर चालणाऱ्या पूर्व विभागात युनिटमागे सुमारे एक किलो. पाणी आणि नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या ईशान्येत त्याच्या जवळपास निम्मे. आपला पश्चिम विभाग पूर्वेच्या थोडाच खाली होता. क्योटो करारानुसार पवनचक्कीला कार्बनचे श्रेयांक मिळत, ते ती ज्या जाळ्याला वीज देते ते जाळे किती काळे आहे यावरून. जाळे जितके काळे, तितके श्रेयांक जास्त. म्हणजे साताऱ्याच्या किंवा धुळ्याच्या पठारावरची पवनचक्की फिरली, तर तिच्या कमाईत आमच्या काजळीचाही वाटा होता! तो वाटा आमच्याकडे आल्याचे मात्र मी कधी ऐकले नाही.

३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे बाकीच्यांना जोडले गेले आणि सारा देश एका जाळ्यात आला. अभियंत्यांसाठी ही अभिमानाची गोष्ट होती आणि आहे. पुढे आकडाही एकच झाला. तो आता युनिटमागे सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास आहे. सरासरी ही मोठी सभ्य गोष्ट असते. तिच्यात कोयनेचे पाणी, राजस्थानचे ऊन आणि चंद्रपूरचा कोळसा एका पंगतीला बसतात. जेवणारे दिसतात, चुलीपाशी बसलेले दिसत नाहीत.

ज्यांनी चूल फुंकली त्यांना काय मिळाले? २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार यादी केली. तीत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले. त्याच काळात मुंबई भारनियमनातून वगळलेली होती आणि विदर्भातला शेतकरी ओलितासाठी रात्री वीज कधी येते याची वाट पाहत बसलेला होता. शेजारच्या गडचिरोलीत तीन चतुर्थांश जमिनीवर जंगल आहे. ते कर्बवायू पोटात घेते, पण त्याची नोंद ना कुणाच्या वीजबिलात, ना सिमेंटच्या पोत्यावर.

आमच्यात मानतात की, माणसाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फरिश्ता बसलेला असतो. एक भले लिहितो, दुसरा बुरे. हिशेब पुरा व्हायला दोन्ही वह्या लागतात. प्रदेशाचा कर्बहिशेबही असा दोन वह्यांत लिहावा: धूर कुठे निघाला ही एक आणि त्याचा उपभोग कुणी घेतला ही दुसरी. जगातही भांडण हेच आहे. श्रीमंत देशांनी कारखाने परमुलखात धाडले, माल घरी आणला आणि आपला धूर कमी झाला म्हणून सांगितले.

हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे, कारण कोळशाचा उतार सुरू होणार आहे. चंद्रपूरचे पहिले दोन संच बंद झालेच. उरलेले आज ना उद्या होतील आणि ते व्हावेतही. पण तेव्हा एकच वही उघडली, तर या जिल्ह्याची ओळख ‘काळा जिल्हा’ एवढीच उरेल आणि काळ्याला कोण काय देणार? दुसरी वही उघडली, तर राखेचे बंधारे साफ करण्याचा खर्च, खाणींचे खड्डे बुजवण्याचा खर्च, कंत्राटी कामगाराच्या पुढच्या रोजगाराचा खर्च हा उपकार न राहता थकलेले बिल ठरेल. चाळीस वर्षे आम्ही वीजबिले भरत आलो आहोत. हे एक बिल दुसऱ्या बाजूने भरायचे राहिले आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)