स्लोला मरणारं मशीन

भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला त्यावर लाटा फुटतात, भरतीला वरून सगळं शांत दिसतं. आत-बाहेर जायची वाट अरुंद, आणि तीही पावसाळ्यानंतर थोडी सरकलेली असते. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मासळी घेऊन परत येताना काकाने नेमकं तिथेच मशीन स्लो केलं. मशीन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

होडीला धक्का असतो तोवर ती सुकाणूचं ऐकते. धक्का गेला की ती लाटेची. मागून आलेल्या लाटेने आम्हाला अर्धं आडवं केलं. काका हँडलवर वाकला, मी नांगर टाकला. दुसऱ्या लाटेत माशांचा एक क्रेट गेला. तिसऱ्या हँडलला मशीन उठलं, मी नांगर ओढला आणि काकाने स्लोच्या भानगडीत न पडता अर्ध्या रेसवर होडी आत घातली. धक्क्यावर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "पळवलं की पळतंय, थांबवलं की मरतंय. ह्याला काय म्हणायचं?"

मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्यामुळे ह्याला काय म्हणायचं ते मला माहीत असायला हवं होतं. नव्हतं. ते शोधताना मी फार मागे गेलो, थेट १७८८ सालापर्यंत.

त्या वर्षी जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाला दोन फिरते गोळे बसवले. इंजिन जोरात फिरलं की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी मिटवतात. मंदावलं की गोळे खाली येतात, झडप उघडते. हा गव्हर्नर. गिरणीचं जातं एका चालीने फिरावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. कधीकधी हे गोळे इंजिनाला स्थिर करायच्या ऐवजी हेलकावेच द्यायचे. ते का होतं, याचं गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ साली मांडलं. विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांमुळे आपण पुस्तकात ज्याला भेटतो, तोच हा मॅक्सवेल.

आमच्या होडीच्या मशीनमध्येही तेच गोळे आहेत, फक्त छोटी वजनं आणि स्प्रिंग अशा रूपात. गोम अशी की फिरत्या वजनाचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग एक तृतीयांश झाला की जोर एक नवमांश उरतो. म्हणजे मशीन १८०० फेऱ्यांवर असताना जो गव्हर्नर पैलवान असतो, तो ६०० फेऱ्यांवर जेमतेम उभा असतो. ज्या क्षणी त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच क्षणी तो सगळ्यात अशक्त.

डिझेलचं तर आणखी नाजूक. रुडॉल्फ डिझेलला पेटंट मिळालं १८९३ साली, आणि नीट चालणारं इंजिन जर्मनीत आउग्सबुर्गला उभं राहिलं १८९७ साली. त्यात इंधन दाबाखालच्या हवेने आत फुंकलं जायचं आणि त्यासाठी वेगळा मोठा कॉम्प्रेसर लागायचा. कारखान्याला ते परवडत होतं, १९१२च्या 'सेलँडिया'सारख्या जहाजालाही परवडलं. आमच्यासारख्या होडीत मात्र त्या कॉम्प्रेसरनेच अर्धी जागा खाल्ली असती. (खुद्द डिझेल १९१३ साली इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. आत्महत्या की घातपात, यावर लोक अजून व्हिडिओ बनवतात.) छोट्या डिझेलचा रस्ता खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो १९२७ साली, बॉशने इंधन मोजून दाबणारा पंप कारखान्यात बनवायला घेतल्यावर. हा पंप प्रत्येक ठोक्याला डिझेल मोजून देतो. स्लोला ते माप किती असतं? मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढं. त्यात हवेचा एक बुडबुडा शिरला तर तो ठोका रिकामा जातो. पूर्ण रेसवर माप मोठं असतं आणि चाकातही जोर असतो, त्यामुळे असे चार ठोके रिकामे गेले तरी कळत नाही.

हे मशीन आमच्याकडे आलं कुठून? जमिनीवरून. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. देशावरच्या विहिरींवर जी डिझेल इंजिनं पाणी उपसत होती, त्यांचीच भावंडं पुढे होड्यांत बसली. मिरकरवाड्याच्या मोठ्या ट्रॉलरांत अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिनं दिसतात, तीही ट्रकच्या घराण्यातली. स्वातंत्र्यानंतर सरकारने मच्छीमारांना इंजिनासाठी कर्ज आणि अनुदान दिलं. तिकडे केरळात नींदकरेला १९५२च्या करारानुसार नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक होड्या उतरत होत्या. इकडे रत्नागिरीत १९५८ साली सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र निघालं. 'यांत्रिकीकरण' हा शब्द आमच्या घरात तेव्हाच शिरला असावा, कारण माझी आजी तो एका दमात न अडखळता म्हणायची आणि 'इंजिन'ला मात्र 'इंजान' म्हणायची.

विहिरीवरचं इंजिन दिवसभर एकाच चालीने चालतं. ट्रक सिग्नलला स्लोवर उभा राहतो, तिथे बंद पडला तर मागचे हॉर्न वाजवतात, बाकी काही होत नाही. होडीचं तसं नाही. जाळं ओढताना, धक्क्याला लागताना, खाडीच्या तोंडात शिरताना होडी स्लोवरच असते आणि तिथेच जीव टांगणीला असतो. म्हणून मला वाटतं, आमच्या किनाऱ्याने इंजिन घेतलं ते जमिनीच्या सवयींसकट.

आजोबांच्या शिडाच्या होडीला स्लो नव्हताच. काका सांगतो, ते दांड्याबाहेर शीड उतरवायचे, नांगर टाकायचे आणि भरतीची वाट बघायचे. दोन तास, कधी चार. विडी ओढायची, जाळं निवडायचं. मशीन आलं आणि हे थांबणं गेलं. आता लिलावाची वेळ असते, बर्फ वितळत असतो, डिझेलचे पैसे डोक्यावर असतात. भरती अर्धी असतानाच आम्ही आत शिरतो, कारण मशीन आहे. ते मशीन बंद पडलं तर हातात शीडही नसतं. डोलकाठी केव्हाच घराच्या पडवीचा खांब झाली.

तर, दुरुस्ती. पहिली कबुली काकाकडून आली. महिनाभर मशीन स्लोला डगमगत होतं आणि तो दर वेळी स्लोचा स्क्रू थोडा आवळत होता. मिरकरवाड्यापासून जयगडपर्यंत सगळे हेच करतात. फेऱ्या वाढतात, मशीन तरतं, दुखणं झाकलं जातं. वर गिअर टाकताना खाडकन आवाज येतो तो वेगळाच. मग हवा गरम झाली, माल जड झाला किंवा फिल्टर थोडा आणखी तुंबला की एक दिवस तेवढ्या फेऱ्याही पुरत नाहीत.

मी आधी एकच गोष्ट पाहिली: न्यूट्रलला मरतं की गिअर टाकल्यावरच? गिअर टाकल्यावरच मरत असतं तर पंख्याला गुंडाळलेलं जाळं शोधलं असतं. आमचं न्यूट्रललाही मरत होतं, म्हणजे भानगड इंधनात. फिल्टर बदलला, तळातलं पाणी काढलं. फरक नाही. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक तपासलं, मोकळं होतं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताने पंप मारला तर फेस आला. मिस्त्री म्हणाले, "एअर घेतंय. पण कुठून?"

आम्ही गळती शोधत होतो आणि पाइप तर कोरडे खडखडीत. इथे पुस्तक कामाला आलं. आमची टाकी मशीनच्या खाली आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, दाबलं जात नाही. त्या भागात फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गळतीचा थेंबही दिसत नाही. म्हणून आम्ही पाच लिटरचा कॅन मशीनच्या वर बांधला आणि त्यातून पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला डिझेल दिलं. हवा काढून हँडल मारलं. मशीन स्लोला दहा मिनिटं संथ चाललं. म्हणजे पंप, नोझल, गव्हर्नर सगळे निर्दोष. दोषी होता टाकीकडचा पाइप. त्याच्या टोकाच्या बोल्टखालचे तांब्याचे दोन वायसर पुन्हा पुन्हा वापरून कडक झाले होते आणि एकावर नखाएवढा चरा होता. नवे वायसर चहाच्या किमतीत आले.

काकाने स्क्रू परत मागे फिरवला. मग मशीनजवळ बसून बराच वेळ नुसता आवाज ऐकत राहिला.

मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात आता नौकानयनाबरोबर डिझेल इंजिनाची देखभालही शिकवतात. मी चुलतभावाला तिकडे पाठवलं. तो येऊन काकाला गव्हर्नर समजावतो, काका मान डोलावतो. पण दांड्याजवळ आलं की अजूनही तो नांगराचा दोर सोडवून पायाशी ठेवतो, आणि भरती अगदीच कमी असेल तर बाहेर थांबतो. परवा तासभर थांबलो. लिलाव चुकला.