डब्यावरचा त्रिकोण माणसासाठी. मधमाशीला औषधाचा धोका किती, ते कसं ओळखायचं?

कांदा बीजोत्पादनाचे प्लॉट जानेवारी ते मार्चच्या दरम्यान फुलोऱ्यात असतात. नेमके याच काळात डेंगळ्यांवर फुलकिडे वाढतात आणि करपाही डोकं वर काढतो. फवारावं तर माश्या मरतात, नाही फवारावं तर पीक हातचं जातं, अशी शेतकऱ्याची कोंडी होते. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं. त्यामुळे दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावाच लागतो. ते काम मुख्यतः माश्या करतात. म्हणजे माशी मेली तर पेटीवाल्याचं नुकसान होतंच, पण गोंड्यात बी न भरल्याने प्लॉटवाल्याचंही होतं. सूर्यफूल, कलिंगड, काकडी या पिकांची गोष्ट वेगळी नाही.

त्रिकोण काय सांगतो, काय नाही

कृषी सेवा केंद्रात बाटली हातात घेतली की पहिली नजर त्रिकोणाकडे जाते. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हा रंग उंदरासारख्या प्राण्यांवरच्या चाचणीवरून ठरतो, म्हणजे तो फवारणाऱ्या माणसाच्या जिवासाठी आहे. मधमाशीचा त्यात विचार नाही. थायामेथोक्झामचं उदाहरण घ्या. अर्धे उंदीर मरायला या घटकाची मात्रा वजनाच्या दर किलोला सुमारे १,५६३ मिलिग्रॅम लागते. ५०१ ते ५,००० हा निळा गट, त्यात ते बसतं. पण मधमाशीच्या पोटात त्याचे ०.००५ मायक्रोग्रॅम गेले तरी अर्ध्या माश्या मरतात. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. 'निळा आहे, चालतंय' हे म्हणणं माशीच्या बाबतीत चालत नाही.

माशीचा आकडा वेगळ्या चाचणीतून येतो. कामकरी माश्या छोट्या पिंजऱ्यात ठेवतात. काहींना साखरेच्या पाण्यातून औषध पाजतात, तर काहींच्या पाठीवर औषधाचा बारीक थेंब ठेवतात. २५ अंशांच्या आसपास, अंधारात ठेवून ४८ तासांनी मेलेल्या मोजतात. ज्या मात्रेला अर्ध्या माश्या मरतात ती त्या औषधाची मारक मात्रा. अमेरिकेच्या पद्धतीत ही मात्रा माशीमागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर औषध अतिविषारी, २ ते ११ मध्ये असेल तर मध्यम आणि ११ च्या वर असेल तर माशीला जवळपास निर्धोक धरतात. आकडा जितका लहान तितकं औषध जहाल, हे उलटं गणित लक्षात ठेवायचं.

हेक्टरी किती पडलं, हेही मोजावं लागतं

औषध जहाल आहे एवढ्यावर धोका ठरत नाही. ते शेतात किती पडतं आणि माशीपर्यंत पोहोचतं का, हे तितकंच महत्त्वाचं. युरोपात त्यासाठी एक साधा भागाकार वर्षानुवर्षे वापरला गेला: हेक्टरी पडणारा मूळ घटक (ग्रॅममध्ये) भागिले मारक मात्रा (मायक्रोग्रॅममध्ये). उत्तर ५० च्या आत आलं तर धोका कमी, वर गेलं तर पुढची तपासणी हवी.

इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एकरी ५० मिली मारलं तर हेक्टरी साधारण २५ ग्रॅम घटक पडतो. अंगावर पडल्यावरची मारक मात्रा ०.०८१ धरली तर उत्तर ३०० च्या वर जातं. पोटात गेल्यावरची मात्रा ०.००३७ धरली तर ६,७०० च्या वर. उलट ॲसिटामिप्रिड २० टक्के एकरी ४० ग्रॅम मारलं तर हेक्टरी २० ग्रॅम घटक, आणि अंगावरची मात्रा सुमारे ८ मायक्रोग्रॅम. उत्तर येतं अडीच. दोन्ही औषधं एकाच घराण्यातली, दुकानात एकाच फळीवर ठेवलेली, तरी फरक शंभर पटीहून जास्त. फुलकिड्यांसाठी मारलं जाणारं फिप्रोनिल तर आणखी जहाल आहे. त्याची अंगावरची मात्रा ०.००६ च्या आसपास आहे. हेक्टरी ५० ग्रॅम घटक पडला तर उत्तर आठ हजारांच्या पुढे. (हे आकडे गणित समजण्यासाठी आहेत, कुठल्या पिकाला किती मारायचं त्याची शिफारस म्हणून नाहीत.)

हा भागाकार म्हणजे पहिली चाळणी. त्यात अडकलेल्या औषधाची पुढे जाळीच्या मांडवात फुललेल्या पिकावर आणि नंतर उघड्या शेतात पेट्या ठेवून तपासणी होते. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांवर युरोपीय संघाने २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला वापर बंद केला, तो असा अभ्यास पाहूनच.

गणित कुठे फसतं

सगळ्यात मोठी फसगत टाकीतल्या मिश्रणात होते. मजुरी वाचावी म्हणून कीटकनाशक आणि करप्याचं बुरशीनाशक एकाच पंपात घालायची सवय गावोगाव आहे. वर ज्या ॲसिटामिप्रिडचं उत्तर अडीच आलं, त्याच्याबरोबर प्रोपिकोनॅझोल दिल्यावर प्रयोगशाळेत त्याची माशीवरची विषबाधा शंभर पटीने वाढलेली दिसली. माशीचं शरीर ज्या यंत्रणेने विष पचवून बाहेर टाकतं, तीच हे बुरशीनाशक अडवतं. नुसतं बुरशीनाशक मारलं तर माश्या मरताना दिसत नाहीत, म्हणून या मिश्रणावर कुणाचा संशयही जात नाही. फुलोऱ्यात ही दोन औषधं एका टाकीत घालूच नयेत. मजुरी वाचते त्यापेक्षा बी जास्त जातं.

दुसरी गोष्ट अळीची. नोव्हाल्युरॉनसारखं औषध कात टाकणं बिघडवतं. मोठ्या माशीवर चाचणी केली तर औषध निर्धोक दिसतं, पण कामकरी माशी तेच परागाबरोबर पेटीत नेते आणि आतली पिल्लं मरतात. वस्ती आठवड्या-पंधरवड्याने बसते, तोवर फवारणी कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आणि सगळ्याच माश्या मरून पडत नाहीत. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी माश्यांच्या पाठीवर बारीक चिप चिकटवून त्यांना मारक मात्रेपेक्षा कमी थायामेथोक्झाम पाजलं. त्यातल्या बऱ्याच माश्या घरी परतल्याच नाहीत. पेटीसमोर एकही मेलेली माशी नाही, पण पेटी हलकी होत चालली, असं दिसलं तर हे कारण असू शकतं.

आणखी एक. हे आकडे बहुतेक युरोपीय मेलिफेरा माशीचे आहेत. आपली सातेरी अंगाने लहान, फुलोरी त्याहून लहान. त्यांना तीच मात्रा जड पडेल असं धरूनच चालावं. बांधावरच्या आग्या मोहोळाला तर मालकच नाही, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

वेळ

फवारणीची वेळ बदलायला पैसा लागत नाही. माश्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत फुलांवर असतात. सूर्य मावळल्यावर फवारलं तर औषधाला सुकायला रात्र मिळते. स्पिनोसॅड ओलं असताना अतिविषारी असतं, पण पानावर वाळल्यावर तीन तासांत त्याचा धोका बराच उतरतो. ते संध्याकाळी मारलं तर सकाळच्या माश्या बऱ्याच वाचतात, आणि भर दहा वाजता मारलं तर 'जैविक' म्हणून घेतलेलं औषधही पेटी रिकामी करतं. क्लोरपायरिफॉसचा अंश मात्र दिवसभराहून जास्त टिकतो, तिथे संध्याकाळची वेळही पुरत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडात शिरून पराग आणि मकरंदात उतरतात. त्यांना वेळ बदलणं हा इलाज नाही, ती फुलोऱ्यात टाळायचीच. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी करावा. भुकटीही फुलोऱ्यात वापरू नये, ती परागासारखी माशीच्या केसांना चिकटून पेटीत जाते.

पेटीसमोर काय पाहायचं

मेलिफेराच्या भरलेल्या पेटीसमोर रोज शंभरापर्यंत मेलेल्या माश्या सापडणं नेहमीचं आहे. २०० ते ४०० असतील तर सौम्य विषबाधा, ५०० च्या पुढे मध्यम आणि हजाराच्या वर तीव्र समजतात. सातेरीची वस्ती लहान असते, तिथे याहून कमी आकड्यालाही सावध व्हावं. जीभ बाहेर आलेली, थरथरणारी, जमिनीवर गोल फिरणारी माशी दिसली तर विषाचीच शंका घ्यावी.

माशी सहज दोन-तीन किलोमीटर जाते, म्हणून फक्त आपल्या प्लॉटची फवारणी सांभाळून भागत नाही. शेजारच्या शिवारात कोण काय मारणार आहे हे पेटीवाल्याला आदल्या दिवशी कळायला हवं. एक फोन पुरतो. निरोप मिळाला तर रात्री माश्या परतल्यावर पेटीचं दार जाळीने बंद करून वर ओलं पोतं टाकावं आणि दुसऱ्या दिवशी सावली व पाणी द्यावं. मार्चच्या उन्हात बंद पेटी एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये, आतली उष्णता वाढून माश्या गुदमरतात आणि मेणही वितळतं. औषध जास्त दिवस टिकणारं असेल तर पेट्या रात्रीतून तीन किलोमीटरपेक्षा लांब हलवाव्यात. त्याहून जवळ ठेवल्या तर माश्या जुन्याच जागेवर परत येतात.