सलाबतखानाचे सात मजले

आपल्या नगरच्या पूर्वेस दहा-बारा किलोमीटरांवर, शहाडोंगराच्या माथ्यावर जी अष्टकोनी तीन मजली वास्तू उभी आहे, तिला आपण पिढ्यानपिढ्या चांदबिबीचा महाल म्हणत आलो. ती महाल नव्हे, आणि चांदबिबीचीही नव्हे. मुर्तझा निजामशहा (१५६५–१५८८) याचा वजीर सलाबतखान याची ती कबर होय. ही चूक आता बहुतेकांस ठाऊक झाली आहे. मला आज बोलावयाचे आहे ते दुसऱ्या एका वदंतेविषयी. या वास्तूचे सात मजले व्हावयाचे होते, म्हणजे वरून दौलताबाद दिसले असते, असे सांगतात. बालपणी सहलीला गेलेल्या पुष्कळांनी ते ऐकले असेल.

वदंता हसून सोडून देण्याजोगी नाही. मलिक अहमदाने १४९४ मध्ये सीनेकाठी हे शहर वसविले, तेव्हा त्याची नजर दौलताबादवरच होती. येथून तो वर्षानुवर्षे त्या मुलुखावर चालून गेला व १४९९ मध्ये किल्ला त्याच्या हाती आला. तेव्हा नगरच्या वजिराला तिकडे पाहावेसे वाटणे अस्वाभाविक नाही. पण दिसते का?

एका ठिकाणाहून दुसरे दिसते की नाही, हा प्रश्न एके काळी डोंगर चढूनच सुटत असे. १८०२ मध्ये मद्रासेस त्रिकोणमापन सुरू करणारा लॅम्बटन, जो १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटास वारला, त्याचे आयुष्य एका शिखरावरून दुसरे शिखर दुर्बिणीत पकडण्यातच गेले. आज हे काम घरबसल्या होते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीवर रडार रोखून बहुतेक भूमीची उंची मोजून घेतली. ते आकडे व क्यूजीआयएससारखी नकाशाची प्रणाली, दोन्ही फुकट मिळतात. आपण पाहणाऱ्याची जागा दाखवावी; यंत्र तेथून प्रत्येक दिशेला जणू एक दोरी ताणते, वाटेतला कोणता उंचवटा तिला अडवितो ते पाहते, आणि दिसणारा मुलूख रंगवून देते. पृथ्वीची गोलाई व हवेत किरण किंचित वाकतो ते, ही दोन्ही हिशेबात धरावयाची, हे मात्र त्याला सांगावे लागते.

हिशेब आपणही करू. शहाडोंगर नगरच्या सपाटीपासून सुमारे ९०० फूट, म्हणजे २७५ मीटर उंच. भोवती सारे सपाट मानले, तर वास्तूच्या सध्याच्या माथ्यावरून क्षितिज सुमारे ६५ किलोमीटरांवर पडते. मजला पाच मीटरांचा धरून आणखी चार मजले चढविले, तर ते किती दूर सरकेल? दोन-सव्वादोन किलोमीटर! दौलताबाद सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरांवर आहे. परंतु दौलताबादची टेकडीही सुमारे २०० मीटर उंच आहे, आणि तिचे स्वतःचे क्षितिज ५४ किलोमीटर येते. दोहोंची बेरीज शंभरावर जाते. म्हणजे केवळ गोलाईचा अडसर मानला, तर सातव्या मजल्याची गरजच नाही. पहिल्यावरूनही टेकडीचा माथा क्षितिजावर यावा. खरा निवाडा करावयाचा तो जेऊर, डोंगरगण, इमामपूर घाट या बाजूच्या उंचवट्यांनी. तेथे दहा-वीस मीटर खरोखर महत्त्वाचे ठरू शकतात, आणि नेमके तेथेच यंत्राचे आकडे अपुरे पडतात. तीस मीटरांच्या चौकोनाला एकच उंची दिलेली असते. झाडाचा शेंडा तिला जमिनीसारखाच वाटतो, आणि दौलताबादच्या ताशीव कड्यासारखा कडा तिच्यात बोथट होतो.

अहो, आणि हवेचे काय? शंभर किलोमीटरांवर दोनशे मीटरांची टेकडी, सबंध दिसली तरी, चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढीच दिसते. तिच्या पाठीमागे मोकळे आकाश नाही, खुलताबाद-वेरूळच्या डोंगरांची ओळ आहे. चैत्र-वैशाखातल्या धुळीत ती कोणी ओळखावी?

हे इतके सांगण्याचे कारण असे की, अलीकडे किल्ल्यांचा अभ्यास करणारी तरुण मंडळी असे रंगविलेले नकाशे घेऊन येतात आणि म्हणतात, या गडावरून तो गड दिसतो, म्हणून येथे पहारा होता, तेथे जाळ करून इशारा देत. मला त्यांचा उत्साह आवडतो, तो ‘म्हणून’ आवडत नाही. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, १६४६ मीटरांचे कळसूबाई आहे. दिसण्यावरच सारे असते, तर महाराष्ट्रातल्या या सर्वोच्च शिखरावर मोठा गड असता. तेथे देवीचे ठाणे आहे. गड आहेत ते शेजारी रतनगडावर व हरिश्चंद्रगडावर, जेथे खडकात पाण्याची टाकी खोदता आली आणि शिबंदी राहू शकली. नकाशा फार तर ‘दिसू शकले असते’ एवढे सांगतो. कोणी पाहात होते, हे कागदपत्रांनी किंवा चौकीच्या जोत्याने सांगावयाचे असते. उलट, नकाशाने ‘दिसत नाही’ म्हटले आणि बखरीने ‘पाहिले’ म्हटले, तर तेथे मात्र नकाशा फार कामाचा. मग आपण बखरकाराला उलटतपासणीला उभे करू शकतो.

सलाबतखानाच्या मनात खरोखर सात मजले होते की नाही, हे कोणतीही प्रणाली सांगणार नाही. दिसण्याचा भाग तेवढा आपण तपासू शकतो. पाऊस संपून हवा धुऊन निघाली, की आश्विनातल्या एखाद्या पहाटे वरच्या मजल्यावर जावे, उत्तरेपासून वीसेक अंश पूर्वेकडे तोंड करावे आणि दुर्बीण लावावी. मी दोनदा गेलो. एकदा धुके होते, आणि एकदा नातवाने दुर्बीण घरी विसरली होती.